वळिवड्याची पोलिश वस्ती

कोल्हापूरच्या महाराजांनी पाच हजार पोलिश निर्वासितांना आसरा दिला, ही गोष्ट आपल्याकडे अभिमानाने सांगितली जाते. पोलंडच्या राजधानीत, वॉर्सात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे म्हटल्यावर तो अभिमान आणखी वाढतो. पण १९४३ साली गादीवर असलेले छत्रपती जेमतेम दीड-दोन वर्षांचे होते. कारभार त्यांच्या वतीने इतर मंडळी पाहत होती आणि त्या सगळ्यांवर इंग्रजांची नजर होती. या निर्वासितांसाठी कोल्हापूरजवळ वळिवड्याला उभारलेल्या छावणीमागे एखादा उदार राजा नव्हता. त्यामागे होता करार, कर्ज आणि सरकारी पत्रव्यवहार. गोष्ट म्हणून हे रुक्ष वाटेल, पण त्या बायकामुलांना वाचवले ते याच रुक्ष गोष्टींनी.

सप्टेंबर १९३९ मध्ये पोलंडवर पश्चिमेकडून हिटलर आणि पूर्वेकडून स्टालिन चालून आले. पूर्वेकडचा मुलूख सोव्हिएत ताब्यात गेला आणि १० फेब्रुवारी १९४०ला, ऐन हिवाळ्यात, पहिल्या आगगाड्या सैबेरियाकडे सुटल्या. शेतकरी, जंगलखात्यातले नोकर, शिक्षक, सैनिकांची कुटुंबे अशी लाखो माणसे मालगाडीच्या डब्यांत कोंबून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेली गेली. पुढे हिटलर रशियावरच उलटला. मग जुलै १९४१ मध्ये स्टालिनने लंडनमधल्या परागंदा पोलिश सरकारशी करार केला आणि या कैद्यांना मोकळे केले. जनरल अँडर्स यांच्या हाताखाली पोलिश फौज उभी राहिली. १९४२ मध्ये ती इराणात उतरली आणि तिच्या मागोमाग हजारो बाया, पोरे, म्हातारी माणसे कॅस्पियन समुद्र ओलांडून आली. टायफॉइड, हगवण आणि उपासमारीने खंगलेली.

पुरुष लढाईवर जाणार होते. पण ही बायकामुले ठेवायची कुठे?

काही पूर्व आफ्रिकेत गेली, काही मेक्सिको आणि न्यूझीलंडमध्ये. भारतात आलेल्या अनाथ मुलांची पहिली तुकडी क्वेट्ट्याच्या वाटेने मुंबईला पोचली आणि काही काळ वांद्र्यात राहिली. या कामात मुंबईतले पोलिश कॉन्सल बानासिन्स्की आणि त्यांच्या पत्नी किरा यांनी जिवाचे रान केले. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी जामनगरजवळ बालाचडीला या मुलांसाठी छावणी उभारली. मुले त्यांना ‘बापू’ म्हणत. उदार राजाची गोष्ट खरी आहे ती तिथली. कोल्हापूरकरांनी ती नकळत आपल्याकडे ओढून घेतली असावी.

वळिवड्याचे काम निराळे होते. इथे अनाथांबरोबर आया, आज्या, अख्खी कुटुंबे यायची होती आणि युद्ध संपेपर्यंत राहायची होती. हवा बरी, रेल्वे जवळ, पंचगंगेचे पाणी हाताशी, म्हणून ही जागा निवडली गेली. १९४३ पासून लोक येऊ लागले. खर्च लंडनच्या पोलिश सरकारचा आणि त्यासाठी पैसा ब्रिटिशांकडून उसना घेतलेला. देखरेखीला भारत सरकारचे अधिकारी होते, तरी आतला कारभार पोलिश लोकांच्याच हाती होता.

छावणी म्हटले की एकच मोठा भटारखाना आणि हातात थाळी घेऊन उभी असलेली रांग डोळ्यांपुढे येते. वळिवड्यात तसे नव्हते. लांबलचक बराकींत प्रत्येक कुटुंबाला स्वतंत्र जागा आणि स्वतःची चूल मिळाली. हाती भत्ता यायचा, त्यातून बाई स्वतः बाजारहाट करायची. कझाकस्तानात पावाच्या तुकड्यासाठी राबलेली बाई इथे अंड्या-भाज्यांचा भाव करू लागली. शाळा पोलिश भाषेत चालत, थेट माध्यमिक शिक्षणापर्यंत. चर्च, दवाखाना, अनाथालय, नाटके, स्काउट पथके, सारे होते. क्षयाने ग्रासलेल्या मुलांना पाचगणीच्या हवेत ठेवले जाई. निर्वासितांना सांभाळताना पोट भरण्याइतकेच महत्त्व घराच्या व्यवहाराला दिले, हे वळिवड्याचे सर्वांत मोठे शहाणपण.

त्याच सुमारास ब्रह्मदेशातून लाखो हिंदी माणसे पायी परतली होती आणि युरोपियनांसाठी वेगळ्या, बऱ्या वाटा राखून ठेवल्या होत्या. १९४३ मध्येच बंगालमध्ये दुष्काळाने लाखो लोक मेले. एकाच सरकारची एकाच काळातली ही दोन रूपे. वळिवड्याचे कौतुक करताना ती विसरून चालत नाही.

खरी कसोटी लागली १९४५ मध्ये. याल्टा परिषदेने पूर्व पोलंड सोव्हिएत संघाला दिला. म्हणजे वळिवड्यातल्या बहुतेकांचे गावच परदेशात गेले. जुलैमध्ये ब्रिटन-अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या कम्युनिस्ट सरकारला दिली. ते सरकार आपली मुले परत मागू लागले. आईबाप गमावलेल्या मुलाच्या वतीने ‘नाही’ म्हणायचे कोणी? तेव्हा बालाचडीच्या अनाथांसाठी जामसाहेब, एक इंग्रज अधिकारी आणि छावणीचे धर्मगुरू प्लुटा पालक म्हणून पुढे आले. दत्तकाचे कागद झाले आणि सक्तीची पाठवणी टळली. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली, तेव्हा उरलेली मुले वळिवड्याला आली.

भारत स्वतंत्र झाल्यावर वळिवडेही हळूहळू रिकामे झाले. कोणी ब्रिटनमध्ये गेले, कोणी आफ्रिकेतल्या छावण्यांत, थोडे पोलंडला परतले. मोजक्या मुली मराठी घरांत सून म्हणून राहिल्या. मार्च १९४८ पर्यंत छावणी उठली आणि त्याच बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे राहायला आली. त्या वस्तीचे गांधीनगर झाले. आज तिथे कापडाची मोठी घाऊक बाजारपेठ आहे. पोलिश लोकांची आठवण सांगणारा स्तंभ कोल्हापूरच्या महावीर उद्यानात आहे.

अशा बायकामुलांसाठीचे नियम आले ते यानंतर. युद्धातल्या नागरिकांच्या संरक्षणाचा चौथा जिनिव्हा करार १९४९ मध्ये, म्हणजे वळिवडे बंद झाल्यानंतर झाला. अनाथ आणि ताटातूट झालेल्या मुलांची जबाबदारी त्यात नेमकी लिहिली आहे. भारताने तो करार स्वीकारला. १९५१च्या निर्वासित करारावर मात्र भारताने अजून सही केलेली नाही आणि निर्वासितांसाठी देशात स्वतंत्र कायदाही नाही. त्यामुळे सीमेवर आलेल्या बाईला आणि मुलाला आसरा मिळेल की नाही, हे आजही त्या त्या वेळच्या सरकारच्या मर्जीवरच ठरते.