हस्तस्वच्छता, रुग्णालयीन

रुग्णांशी संबंध येणारे डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ, वॉर्डबॉय, आया आदींनी आपल्या हातांवरील रोगजंतू वेळच्या वेळी घालवण्याची कृती. साबण-पाण्याने हात धुणे, अल्कोहोलयुक्त द्रव हातांवर चोळणे आणि शस्त्रक्रियेपूर्वी कोपरापर्यंत केलेली विशेष स्वच्छता हे तिचे मुख्य प्रकार होत.

जंतूंचा प्रवास : त्वचेच्या खोल थरांतील निवासी जंतू सहसा निरुपद्रवी असतात. रुग्णाला, खाटेच्या कठड्याला किंवा सलाईनच्या स्टँडला हात लागला की वरच्या थरावर येतात ते तात्पुरते जंतू. धुण्या-चोळण्याने ते सहज जातात. पण न धुतलेला हात पुढच्या रुग्णाच्या जखमेला वा कॅथेटरला लागला, तर त्याच्या शरीरात शिरकाव करतात.

इतिहास : व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयात दोन प्रसूतिविभाग होते. डॉक्टर व विद्यार्थी पाहत असलेल्या पहिल्या विभागात सूतिकाज्वराने होणारे मृत्यू सुइणींच्या दुसऱ्या विभागापेक्षा कितीतरी जास्त असत. १८४७ मध्ये याकोब कोलेच्का हे प्राध्यापक शवविच्छेदनाच्या वेळी विद्यार्थ्याची सुरी बोटाला लागून दगावले. त्यांच्या शरीरातील विकृती सूतिकाज्वराच्या रुग्णांसारखीच दिसली, त्यावरून पहिल्या विभागातील डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांनी ताडले की, शवागारातून थेट प्रसूतिविभागात येणारे हातच रोग आणतात. मे महिन्यात त्यांनी क्लोरीनयुक्त पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेला मृत्युदर जूनमध्ये सुमारे २ टक्क्यांवर आला.

ऑक्टोबरमध्ये मात्र नवे संकट आले. गर्भाशयाचा स्रवणारा कर्करोग असलेली स्त्री पहिल्या खाटेवर होती. वॉर्डात शिरताना सर्वजण क्लोरीनने हात धूत. तिला तपासल्यावर पुढच्या खाटेकडे जाताना फक्त साबण वापरत. तिच्यासोबत प्रसूत झालेल्या बारापैकी अकरा स्त्रिया दगावल्या. संसर्ग जिवंत रुग्णाकडूनही पसरतो हे त्यातून कळले आणि प्रत्येक रुग्णानंतर क्लोरीनने हात धुण्याचा नियम झाला.

पाच प्रसंग : हाच नियम जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक सूचनांत अधिक काटेकोर केला. रुग्णाला स्पर्श करण्यापूर्वी, इंजेक्शन-ड्रेसिंगसारख्या जंतुविरहित क्रियेपूर्वी, रक्त वा शरीरद्रवांशी संपर्क आल्यानंतर, रुग्णाला स्पर्श केल्यानंतर आणि केवळ त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लागला तरीही हात स्वच्छ करावेत.

पद्धती : अल्कोहोलयुक्त द्रव २०–३० सेकंद, हात सुकेपर्यंत चोळतात, साबण-पाण्याने धुण्यास एकूण ४०–६० सेकंद लागतात. अंगठा, बोटांची टोके व बोटांमधील बेचके हमखास राहून जाणाऱ्या जागा होत. हात मळलेले दिसत असतील तर साबण-पाणीच वापरावे. क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या अतिसारकारक जंतूचे बीजाणू अल्कोहोलने मरत नाहीत, म्हणून तेथेही साबण-पाणी लागते. हातमोजे घातले म्हणून हस्तस्वच्छता टळत नाही. मोजे काढल्यावर ती करावीच लागते. अंगठ्या व कृत्रिम नखे वर्ज्य मानतात.

अंमलबजावणी : अतिदक्षता विभागात तासाभरात हात धुण्याचे प्रसंग अनेकदा येतात, दर वेळी बेसिन गाठणे जमत नाही. जिनिव्हा विद्यापीठ रुग्णालयात तेथील डॉक्टर दिदिए पिते यांनी खाटेशीच अल्कोहोलच्या बाटल्या ठेवून मोहीम राबवली. नियमपालन १९९४ मधील ४८ टक्क्यांवरून १९९७ मध्ये ६६ टक्क्यांवर गेले आणि रुग्णालयजन्य संसर्गाचे प्रमाण १६.९ वरून ९.९ टक्क्यांवर उतरले. रुग्णालयांना स्वतः बनवता यावा म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने अशा द्रवाची कृतीही दिली आहे : ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, त्यात थोडे ग्लिसरॉल व हायड्रोजन पेरॉक्साइड. भारताच्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२० मध्ये संसर्गप्रतिबंधाच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांतही हस्तस्वच्छतेचा समावेश आहे.

नियमपालन प्रत्यक्ष निरीक्षणाने मोजतात. कोणी पाहत आहे हे कळले की हात जास्त धुतले जातात, त्यामुळे आकडा फुगतो. म्हणून वॉर्डात किती द्रव संपला याचाही हिशेब जोडीला ठेवतात.