पुनरुत्थानाची साक्ष

मागें एकदां आम्ही वर्गांत जॉन डन ह्या इंग्रज कवीचें मृत्यूला उद्देशून लिहिलेलें सुनीत शिकवीत होतों. त्या सुनीतांत मृत्यूच्या सामर्थ्याचा जो उपहास आहे, त्याच्या मुळाशीं ख्रिस्ती धर्मांतील पुनरुत्थानाचा सिद्धान्त आहे, असें आम्हीं सांगितलें. तेव्हां एका हुशार विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, म्हणजे आपला पुनर्जन्मच ना?" आम्ही "नव्हे" म्हणालों, पण तेवढ्यांत तास संपला आणि उत्तर अर्धेंच राहिलें. घरीं येतांना मनांत आलें कीं, हा प्रश्न त्या मुलाचा एकट्याचा नाहीं. ख्रिस्ती उपदेशक आपल्याकडे शतकानुशतकें आहेत. ते धर्म सांगतात हें आपणांस ठाऊक आहे. पण ते मूळ सांगतात तें काय, आणि तें सांगितल्यावांचून त्यांना राहवत कां नाहीं, ह्याचा विचार आपल्या सुशिक्षित वर्गानेंहि क्वचितच केला आहे. डोंगरावरील प्रवचनांतील नीति आपणांस रुचते व तोच ख्रिस्ती धर्म असें आपण समजतों. इतिहास मात्र निराळें सांगतो. पहिल्या ख्रिस्ती प्रचारकांनीं जगापुढें प्रथम ठेवली ती नीति नव्हे, वार्ता होती.

ती वार्ता समजण्यासाठीं तीन कल्पना वेगळ्या केल्या पाहिजेत. आत्मा अमर आहे व देह टाकून तो निघून जातो, ही एक. तो कर्मानुसार दुसरा देह धारण करितो, ही दुसरी. ह्या दोहोंची आपणांस जन्मापासून ओळख आहे. तिसरी अशी कीं, मेलेला मनुष्य देहासह, ओळख व नांव कायम ठेवून, परमेश्वराच्या सामर्थ्यानें पुन्हा उठेल. ही कल्पना यहुदी लोकांत वाढली, आणि ती वाढण्याचें कारण तत्त्वचिंतन नसून दुःख होतें. इ. स. पूर्वीं १६७ च्या सुमारास अँटायोकस ह्या ग्रीक राजानें यहुद्यांचा धर्म बंद पाडण्याचा यत्न केला, आणि धर्म न सोडणारांना हाल करून मारिलें. ज्यांनीं देवासाठीं देह दिला त्यांना देव काय देणार, हा प्रश्न तेव्हां उभा राहिला. दानीएलाच्या ग्रंथांतील शेवटच्या अध्यायानें व मक्काबी लोकांच्या दुसऱ्या ग्रंथानें त्याला उत्तर दिलें कीं, मातींत निजलेले पुन्हा जागे होतील. अन्यायाचा जाब कोठें मिळतो, ह्या प्रश्नाला आपल्या पूर्वजांनीं कर्मसिद्धान्तानें उत्तर दिलें, यहुद्यांनीं पुनरुत्थानानें दिलें. प्रश्न एकच, उत्तरें दोन. येशूच्या काळीं परूशी पंथाचे लोक हा सिद्धान्त मानीत, सदूकी पंथाचे मानीत नसत. पण मानणारेहि हें सारें युगाच्या अंतीं घडेल असें समजत.

पॉन्टियस पिलात ह्या रोमन सुभेदाराच्या हुकुमानें इ. स. ३० च्या सुमारास येशूला क्रुसावर खिळून मारण्यांत आलें. त्यानंतर त्याचे अनुयायी जें सांगूं लागले त्यांत नवें होतें तें हें, कीं जें सर्वांच्या बाबतींत युगान्तीं व्हावयाचें तें ह्या एकाच्या बाबतींत आतांच घडलें. ह्याचा सर्वांत जुना लेख म्हणजे पौलानें करिंथ येथील मंडळीला लिहिलेलें पहिलें पत्र होय. तें इ. स. ५४ च्या सुमाराचें, म्हणजे चारी शुभवर्तमानांच्या आधींचें आहे. त्याच्या पंधराव्या अध्यायांत पौल म्हणतो कीं, मला जें मिळालें तेंच मीं तुम्हांस दिलें. आणि मग तो नांवें सांगतो: ख्रिस्त प्रथम पेत्राला दिसला, नंतर बारा शिष्यांना, मग एकाच वेळीं पांचशेंहून अधिक बांधवांना, त्यांतील बहुतेक अजून जिवंत आहेत. नंतर याकोबाला, आणि सर्वांच्या शेवटीं मला. एखाद्या खटल्यांत साक्षीदारांची यादी द्यावी तसा हा मजकूर आहे. इतिहासकाराला ह्यावरून घटना सिद्ध करितां येत नाहीं; तें त्याचें क्षेत्रच नव्हे. पण वीस-पंचवीस वर्षांच्या आंत, साक्षीदार हयात असतां, माणसें हें ठामपणें सांगत होतीं, एवढें सिद्ध होतें.

ह्या यादींत एक नांव नाहीं, आणि तें नसणें बोलकें आहे. चारी शुभवर्तमानांच्या मतें रिकामी कबर प्रथम पाहिली ती स्त्रियांनीं. मरिया मग्दालीया हिचें नांव चारही ठिकाणीं आहे. त्या समाजांत स्त्रीच्या साक्षीला पुरुषाच्या साक्षीइतकें मोल नव्हतें. लूक तर लिहितो कीं, खुद्द शिष्यांनाहि त्यांचें बोलणें वायफळ वाटलें. कथा रचावयाची असती तर कोणी पहिल्या साक्षीला असे साक्षीदार उभे केले नसते, असें पुष्कळ विद्वानांनीं म्हटलें आहे. आम्हांस ह्यांत दुसरेंहि कांहीं दिसतें. ह्या धर्माची वार्ता पहिल्या दिवसापासून, जिच्या शब्दाला वजन नाहीं अशा माणसाच्या तोंडून निघाली.

वार्ता ऐकणारांना ती सोपी गेली नाहीं. पौल अथेन्सला गेला तेव्हांची हकीकत 'प्रेषितांचीं कृत्यें' ह्या ग्रंथांत आहे. बाजारांत तो येशू व 'अनास्तासिस' ह्यांविषयीं बोलत असतां, हा कोणी परक्या दैवतांचा प्रचारक दिसतो, असें लोक म्हणाले. 'अनास्तासिस' म्हणजे ग्रीक भाषेंत पुनरुत्थान. तो शब्द स्त्रीलिंगी. कित्येक टीकाकारांच्या मतें ऐकणारांना ती येशूची जोडीदारीण अशी एखादी देवीच वाटली! पुढें आरियोपागस टेकडीच्या सभेंत पौल ग्रीकांच्या कवींचा आधार घेऊन बोलला, तोंवर सर्व शांत होते. मेलेल्यांच्या उठण्याचा उल्लेख येतांच कांहीं हंसले, कांहीं म्हणाले, पुन्हा केव्हां तरी ऐकूं. आत्म्याचें अमरत्व प्लेटोच्या नगरींत कोणाला नवें नव्हतें. देह म्हणजे बंदिखाना असें मानणारांना तो बंदिखाना पुन्हा मिळणार ही सुवार्ता कशी वाटावी? आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचें नातें ह्या हंसण्याशीं आहे. प्रत्येक समाज नवी गोष्ट आपल्या जुन्या शब्दांत ऐकतो.

तरीहि ती वार्ता पसरली. कशी पसरली, हें ख्रिस्ती ग्रंथांपेक्षां विरोधकांच्या लेखांवरून अधिक चांगलें कळतें. इ. स. ११२ च्या सुमारास काळ्या समुद्राकांठच्या प्रांताचा रोमन अधिकारी प्लिनी ह्यानें बादशहा ट्रेजन ह्यास पत्र लिहिलें. हे लोक ठराविक दिवशीं पहाटेपूर्वीं जमतात, ख्रिस्ताला देव मानून त्याचें स्तोत्र म्हणतात, चोरी, लूट व व्यभिचार न करण्याची शपथ घेतात; शहरेंच नव्हे तर खेडींपाडींहि ह्या संसर्गानें व्यापलीं आहेत, असें तो सांगतो. खरें काय तें काढण्यासाठीं त्यानें दोन दासींचे हाल केले. त्या दासी मंडळीच्या सेविका होत्या. इ. स. १७८ च्या सुमारास सेल्सस नांवाच्या ग्रीक पंडितानें ह्या धर्माविरुद्ध ग्रंथ लिहिला. त्याची तक्रार अशी कीं, लोकर विंचरणारे, चांभार, धोबी असले अडाणी लोक, घरधनी व पंतोजी जवळ नसतां, मुलांना व बायकांना गांठून हा धर्म सांगतात. पुनरुत्थान पाहिलें कोणी, तर एका भ्रमिष्ट बाईनें, असाहि त्याचा टोमणा आहे. सेल्ससचा ग्रंथ नष्ट झाला. पुढें सुमारें सत्तर वर्षांनीं ओरिजेन ह्या ख्रिस्ती पंडितानें त्याचें खंडन करितांना जे उतारे घेतले त्यांवरून तो आपणांस माहीत आहे. त्याचा तिरस्कार बाजूला ठेविला तर चित्र स्पष्ट दिसतें. प्रचाराला खातें नव्हतें, पगार नव्हता, शिपाई नव्हते. शेजारणीनें शेजारणीला सांगावें, कामकऱ्यानें सोबत्याला सांगावें, असा तो व्यवहार होता.

साक्षीदाराला ग्रीक भाषेंत 'मार्तिस' म्हणतात. पुढें त्याच शब्दाचा अर्थ धर्मासाठीं प्राण देणारा हुतात्मा असा झाला. ह्या एका शब्दाच्या प्रवासांत तीन शतकांचा इतिहास आहे. इ. स. १७७ मध्यें आजच्या फ्रान्समधील लिओं शहरांत ख्रिस्ती लोकांची कत्तल झाली. तींत ब्लान्दिना नांवाची एक दासी होती. युसेबियस ह्या इतिहासकारानें जपून ठेविलेल्या पत्रांत लिहिलें आहे कीं, प्रेतें सहा दिवस उघड्यावर टाकून नंतर जाळलीं व राख ऱ्होन नदींत लोटली, हेतु हा कीं ह्या लोकांना पुन्हा उठण्याची आशा उरूं नये. मारणारांनाहि कळलें होतें कीं, ह्यांचें बळ कशांत आहे. राख नदींत सोडणें हा आपल्याकडे सद्गतीचा विधि. तोच तेथें सद्गति हिरावण्याचा उपाय ठरला! ब्लान्दिनेच्या धर्मबंधूंचा विश्वास मात्र राखेनें मोडला नाहीं.

मग काळ पालटला. इ. स. ३१३ मध्यें कॉन्स्टंटाइन व लिसिनियस ह्या बादशहांनीं ख्रिस्ती धर्माला मोकळीक दिली, आणि ३८० मध्यें थिओडोसियसनें त्याला राज्याचा धर्म केलें. ज्याच्या पाठीशीं कोणी नव्हतें त्या साक्षीदाराच्या पाठीशीं आतां फौज उभी राहिली. आठव्या शतकाच्या अखेरीस शार्लमेननें सॅक्सन लोकांस जिंकून, बाप्तिस्मा नाकारणारास देहान्त शिक्षा असा कायदा केला. तेव्हां त्याच्याच दरबारांतील आल्क्विन ह्या पंडितानें लेखी निषेध केला: श्रद्धा ही इच्छेची गोष्ट आहे, माणसाला बाप्तिस्म्यापर्यंत ढकलतां येईल, श्रद्धेपर्यंत नाहीं. हा आवाज धर्माच्या आंतूनच उठला, हें विसरतां कामा नये.

हाच पेंच पुढें आपल्या दाराशीं, गोव्यांत, उभा राहिला. १५६० मध्यें तेथें इन्क्विझिशन सुरू झालें. १५६७ मध्यें सासष्टींतील देवळें पाडण्यांत आलीं. १५८३ च्या जुलै महिन्यांत कुंकळ्ळीच्या लोकांनीं पांच जेझुइट पाद्र्यांस ठार मारिलें. त्यांत अकबराच्या दरबारीं राहून आलेला रुडॉल्फ अक्वाविवा हा होता. त्याचा सूड म्हणून कुंकळ्ळीच्या प्रमुख गांवकरांना असोळणें येथें बोलावून विश्वासघातानें मारण्यांत आलें. त्या वेळीं सासष्टींत काम करणारा एक इंग्रज जेझुइट होता, थॉमस स्टीफन्स. तो १५७९ मध्यें गोव्यास आला, आणि १६१९ मध्यें मरेपर्यंत येथेंच राहिला. सत्ता हातीं असतां त्यानें केलें काय, तर आपली भाषा शिकला, पुराण ऐकणाऱ्या समाजाचा कान ओळखला, आणि सुमारें अकरा हजार ओव्यांचें 'ख्रिस्तपुराण' मराठींत रचलें. तें १६१६ मध्यें राशोल येथें रोमन लिपींत छापलें गेलें. त्याच्या दुसऱ्या भागांत येशूच्या मरणाची व पुनरुत्थानाची कथा आहे. ज्ञानेश्वर-एकनाथांनीं घडविलेल्या ओवींत ती सासष्टीच्या देवळांतून वाचली गेली.

स्टीफन्स त्या जुलमी व्यवस्थेच्या बाहेरचा होता, असें आम्ही म्हणत नाहीं. लोकांचे जुने ग्रंथ हिरावले गेले होते म्हणूनच नव्या पुराणाची भूक होती, आणि त्यानें जुन्या दैवतांची निंदाहि केली आहे. पण काळानें केलेली निवड पाहण्यासारखी आहे. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा मोडून काढण्याचा हुकूम काढला. इन्क्विझिशन १८१२ मध्यें बंद पडलें. 'ख्रिस्तपुराणा'च्या पहिल्या तिन्ही छापील आवृत्तींची एकहि प्रत आज उपलब्ध नाहीं. तरी ग्रंथ वांचला. तो हस्तलिखित प्रतींतून वांचला, आणि त्या प्रतींच्या आधारें १९०७ मध्यें मंगळूर येथें पुन्हा छापला गेला. हुकूम विरले, कोणी तरी उतरून घेतलेल्या ओव्या राहिल्या.

वर्गांतील त्या विद्यार्थ्याला आम्हीं पुढच्या तासाला उरलेलें उत्तर दिलें: पुनर्जन्मांत देह बदलतो व ओळख पुसते, पुनरुत्थानांत ओळखच परत मिळते, म्हणून ज्याला ती वार्ता खरी वाटते तो ती मनांत ठेवूं शकत नाहीं. मेलेलें आपलें माणूस पुन्हा भेटेल असें ज्याला वाटतें, तो शेजाऱ्याच्या घरीं मरण आलें असतां गप्प कसा बसेल? तेव्हां सांगण्याबद्दल त्याला दोष देणें व्यर्थ आहे. सांगणारा हात जोडून आला आहे कीं हात उगारून, एवढेंच आपण पाहावें. मान्य करणें न करणें हा ऐकणाराचा अधिकार; आम्हीं स्वतः तो सिद्धान्त स्वीकारलेला नाहीं. पण ह्या इतिहासावरून आम्हांस एक गोष्ट निश्चित वाटते. साक्षीदार जोंवर निःशस्त्र असतो तोंवरच त्याची साक्ष साक्ष राहते. त्याच्या हातीं दंड आला कीं, ऐकणारा त्याच्या शब्दाकडे न पाहतां दंडाकडे पाहूं लागतो. कबरीवरून धांवत आलेल्या त्या स्त्रियांच्या हातीं कांहींहि नव्हतें, आणि त्यांचें बोलणें आज दोन हजार वर्षें ऐकूं येत आहे.