खानदेशचा कापूस आणि अमेरिकेतील यादवी युद्ध

धुळे शहराच्या उत्तरेस, पांझरेच्या पैलतीरी देवपूर वसले आहे. येथून जाणारा जुना आग्रा रस्ता ही एके काळी खानदेशाची मुंबईशी जोडलेली प्रमुख वाट होती. लोहमार्ग येण्यापूर्वी कापसाच्या गाड्या याच वाटेने घाट उतरत. १८६१ ते १८६५ या काळात त्या गाड्यांतील मालाचा संबंध थेट लंडनच्या परराष्ट्रनीतीशी आला. कच्च्या मालासाठी राष्ट्रे लढतात, हे इतिहासाभ्यासकांस परिचित आहे. परंतु असे युद्ध टळते तेव्हा त्याची किंमत कोणी चुकविली, हे सहसा पाहिले जात नाही.

१८६० पर्यंत ब्रिटनला लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशांहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांतून येई. एप्रिल १८६१ मध्ये तेथे यादवी पेटली आणि उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखली. कापसावाचून लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील आणि ब्रिटनला आपल्या बाजूने उतरावेच लागेल, असा दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा हिशेब होता. तो फसला. त्याचे सर्व श्रेय हिंदुस्थानी कापसास देणे अतिशयोक्तीचे होईल. आरंभी गिरण्यांपाशी मोठा साठा शिल्लक होता, आणि उत्तरेचा गहूही ब्रिटनला हवा होता. तथापि १८६२ मध्ये ब्रिटनच्या कापूस-आयातीत सर्वांत मोठा वाटा हिंदुस्थानचा होता, हे विसरता येत नाही. अर्थात एकूण आयातच त्या वर्षी निम्म्याहून खाली आली होती, आणि गिरणी कामगारांचे हाल झालेच.

मुंबईहून जाणाऱ्या कापसास लँकेशायरात सरसकट 'सुरत' म्हणत. त्याचा धागा आखूड, शिवाय त्यात सरकी, माती व पाणी मिसळलेले. त्यामुळे विणकर त्याच्या नावाने बोटे मोडीत. ही भेसळ रोखण्यासाठी मुंबई सरकारने १८६३ मध्ये कायदा केला. खानदेशात कलेक्टर ॲशबर्नर यांनी हिंगणघाटी वाणाचे बी आणवून त्याचा प्रसार केला. दूरदेशीच्या नाकेबंदीमुळे येथील शेतकऱ्याने कोणते बी पेरावे, हा सरकारी चिंतेचा विषय झाला! थळ घाटातील लोहमार्ग मात्र १८६५ च्या आरंभी, म्हणजे युद्ध संपत आले तेव्हा, खुला झाला.

या तेजीत जळगाव कापसाची मोठी पेठ म्हणून पुढे आले. मुंबईत पैशाचा पूर लोटला आणि शेअरबाजारात सट्ट्याला ऊत आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सैन्याने शरणागती पत्करली, भाव कोसळले, मुंबईच्या पेढ्या व कंपन्या पाठोपाठ बुडाल्या. लँकेशायर पुन्हा अमेरिकेकडे वळू लागले.

गिरणीवाल्यास माल घेण्याचे ठिकाण बदलता आले, शेतकऱ्यास जमीन बदलता येत नव्हती. सारा रोखीने भरावयाचा, सावकाराचे कर्ज चढ्या भावाच्या भरवशावर काढलेले. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत १८७५ साली सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या कारणांत ही मंदी व तीमुळे आखडलेली पत यांचीही गणना करावी लागते. खानदेशात तसा उद्रेक झाला नाही. जळगावच्या पेठेस मात्र या घसरणीचा मोठा फटका बसला, आणि भाव उतरल्यावरही रोख पैसा देणारे पीक म्हणून येथील काळ्या जमिनीत कापूस पेरला जातच राहिला.