पुलाच्या पाठीवरील नवा थर

सिमेंटच्या इतिहासाचा आरंभ बहुधा १८२४ सालीं इंग्लंडांतील लीड्सच्या जोसेफ ॲस्प्डिननें घेतलेल्या पेटंटापासून करण्यांत येतो. परंतु सिमेंटचें काम उभें राहिल्यावर तें टिकवावें कसें, हा प्रश्न कितीतरी काळानें ऐरणीवर आला, आणि तो ज्या कारणानें उद्भवला तें कारण मोठें मासलेवाईक आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांनीं असें ठरविलें कीं, ऐन हिवाळ्यांतहि रस्ते वाहतुकीस खुले राहिले पाहिजेत. बर्फ वितळावें म्हणून रस्त्यांवर मीठ पसरण्यांत येऊं लागलें. १९५० सालीं या कामीं वर्षाला १० लक्ष टनांहून कमी मीठ लागे. १९७० च्या सुमारास तो आंकडा १ कोटि टनांच्या घरांत गेला. वाहनें सुखानें धांवूं लागलीं, पण त्याचा भुर्दंड पुलांवर पडला. खाऱ्या पाण्यानें काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत पोटांतल्या सळया गांठल्या. गंज हा मूळ पोलादाच्या दुपटीहून अधिक जागा व्यापतो. तो आंतून काँक्रीटला रेटतो आणि वरचे पापुद्रे सुटूं लागतात. अशा जागीं जड सांखळी ओढली असतां पोकळ आवाज येतो. पुलांचे परीक्षक त्या आवाजावरूनच रोगाचें ठिकाण हुडकतात.

सर्व पूल पाडून नवे बांधणें अशक्यच होतें. म्हणून रोगट भाग खरवडून त्यावर सुमारें २ इंच जाडीचा घट्ट थर घालण्याची युक्ति निघाली. १९५७ सालीं मिशिगन राज्यांतील शेबॉयगन येथील पुलावर लॅटेक्स नांवाचा कृत्रिम चीक मिसळलेला थर घालण्यांत आला. १९६० नंतरच्या दशकांत आयोवा राज्यानें दुसरी रीत रूढ केली. तींत सिमेंट भरपूर, पण पाणी मात्र सिमेंटच्या वजनाच्या सुमारें एक तृतीयांश. मिश्रण इतकें ताठ कीं, तें बसविण्यास वजनदार यंत्र लागे. १९८४ सालीं ओहायोंत सिलिकाची अतिसूक्ष्म पूड मिसळलेला थर पुढें आला.

तथापि काँक्रीटचा एक स्वभाव या सर्वांना आडवा आला. तें वाळतांना आंकुंचन पावतें. ३० मीटर लांबीस हें आंकुंचन सुमारें १५ मिलिमीटर भरतें. खालच्या जुन्या काँक्रीटनें आपलें आंकुंचन केव्हांच उरकलेलें असतें. नवा थर आंखडूं पाहतो, जुना त्यास हलूं देत नाहीं. कांहीं ताण हळूहळू निवळतो; जो निवळत नाहीं त्यानें थर तडकतो किंवा कडेनें उचलला जातो. तडकला तर मिठास पुन्हां वाट मिळते. सुटला तर चाकांखालीं फुटतो. त्यांतहि गंमत अशी कीं, ज्या अल्प पाण्यामुळें व सूक्ष्म पुडीमुळें थर अभेद्य होतो, त्यांच्याच योगें त्याच्या पृष्ठावर ओलावा वर येत नाहीं, आणि वाऱ्याउन्हांत तो फार लवकर सुकून चिरतो.

जुन्या भिंतीवर गिलावा करण्यापूर्वीं आपल्याकडील गवंडी तिला टोचे मारतो आणि पाण्यानें भिजवितो. पुलांच्या बाबतींतहि अनुभवानें तेंच शिकविलें. प्रथम जुन्या पृष्ठावर सिमेंटची रबडी कुंच्यानें फांसण्याची चाल होती. पण काँक्रीट पडण्यापूर्वीं ती वाळली, तर जोडण्याऐवजीं ती तोडण्याचेंच काम करी. म्हणून पुष्कळ ठिकाणीं रबडी वगळून, पृष्ठ आंतून ओलें परंतु वर पाणी न साचलेलें, असें ठेवण्यांत येऊं लागलें. यांत्रिक हातोड्यांनीं जुन्या काँक्रीटलाच बारीक चिरा पडत, आणि बंध त्या चिरांपाशीं तुटे. स्वीडनमधील योहान सिल्फवरब्रांड यांच्या परीक्षणांत, प्रखर जलझोतानें खरवडलेल्या पृष्ठावरील बंध अधिक बळकट ठरला.

शेवटीं राहते ती निगा. थर घालतांच ओलें गोणपाट पसरावयाचें आणि तें अनेक दिवस ओलें ठेवावयाचें. लॅटेक्सचा थर तेवढा एकदोन दिवसांनंतर वाळूं द्यावा लागतो. वाहतूक लौकर सुरू करण्याच्या घाईंत प्रथम या निगेलाच कात्री लागते, आणि वर्षांनुवर्षें टिकावा असा थर त्या थोडक्या दिवसांतच बिघडतो.