सिंधुदुर्ग किनाऱ्यावरील डॉल्फिन-संशोधन

हिंदी महासागरी कुबडवाला डॉल्फिन (सौसा प्लंबिया) हा सिंधुदुर्गच्या उथळ समुद्रात आढळणारा संकटग्रस्त सस्तन प्राणी होय. ताडोब्यातील वाघ जसा पट्ट्यांवरून ओळखतात, तसा हा पाठीवरील पराच्या खाचांवरून व व्रणांवरून ओळखला जातो. त्यासाठी छायाचित्रांचा संग्रह ठेवतात. गढूळ पाण्यात दृष्टी फारशी उपयोगी पडत नसल्याने तो ध्वनीवर विसंबतो. येथे ध्वनिमुद्रित केलेल्या त्याच्या शिट्ट्यांचे वर्गीकरण २०१८ मध्ये ‘मरीन मॅमल सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. यांत्रिक नौकांच्या आवाजाने हे संभाषण झाकले जाऊ शकते, म्हणून या नोंदी मोलाच्या ठरतात. मासळीसाठी डॉल्फिन जाळ्यांपाशी येतात. त्यात जाळी फाटून मच्छीमारांचे नुकसान होते. आणि अडकलेला डॉल्फिन श्वासासाठी वर येऊ न शकल्याने गुदमरून मरतो.