वाटाण्याचं रोप आणि माहितीपटाची गोष्ट

तत्त्वज्ञान शिकवण्यात उभी हयात घालवलेल्या माणसाने माहितीपटावर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटलं असेल. पण 'हे खरं आहे, हे आपल्याला कळतं कसं?' हा आमच्या विषयाचा जुना प्रश्न आहे. माहितीपट करणाऱ्याला तो रोज सोडवावा लागतो. म्हणून आज आपण इतिहासाच्या वाटेने त्याच्याकडे जाऊ.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईत वॉटसन हॉटेलमध्ये ल्युमिएर बंधूंची हलती चित्रं दाखवली गेली. ती पाहून भारावलेल्या हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकरांनी, म्हणजे सावेदादांनी, विलायतेहून कॅमेरा मागवला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये एक कुस्ती टिपली. पुढे रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांचं मुंबईतलं स्वागतही, १९०१ च्या डिसेंबरात, सावेदादांनीच टिपलं.

आता या दोन चित्रांत एक फरक आहे बरं का. कुस्तीला गोष्ट आतूनच असते. सलामी, पकड, चितपट. भाषा न कळणाराही ती पाहतो. परांजप्यांच्या स्वागतात मात्र नुसती गर्दी दिसते. हा तरुण कोण, त्याच्या गणिताचं लोकांना एवढं कौतुक का, हे कुणीतरी सांगावं लागतं. आमच्या भाषेत पहिलं प्रत्यक्ष प्रमाण, दुसऱ्याला शब्दप्रमाणाचा आधार लागतो. माहितीपट जन्मापासून या दोन पायांवर चालतो.

तिसरं उदाहरण दादासाहेब फाळक्यांचं. 'राजा हरिश्चंद्र' १९१३ चा. त्याच्या आधी भांडवल उभं करायचं होतं आणि पैसेवाल्यांना खात्री पटत नव्हती. फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, समोर कॅमेरा रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ थोडं थोडं चित्रण केलं. पडद्यावर बी फुटतं, कोंब वर येतो, वेल चढते, सगळं काही क्षणांत. 'अंकुराची वाढ' पाहून भांडवल मिळालं.

जालन्यात कोंब म्हणजे काय ते समजावून सांगायला नको. बद्रीनारायण बारवाल्यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली, तेव्हापासून बियाणं ही या गावाची ओळख आहे. बी पेरणाऱ्याला दोन गोष्टी ठाऊक असतात: वाट पाहावी लागते आणि निवड करावी लागते. फाळक्यांनीही दोन्ही केलं. महिन्यातले बहुतेक तास त्यांनी टिपलेच नाहीत. पण जे गाळलं, त्याने गोष्ट खोटी झाली नाही, उलट डोळ्याला न दिसणारी वाढ दिसू लागली. माहितीपटातल्या कथनाचं मर्म आम्हाला इथे सापडतं. गाळल्यामुळे सत्य अधिक दिसतं की झाकलं जातं, एवढंच विचारायचं.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली मुंबईत फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला आपला मराठवाडाही निजामाच्या राजवटीतून मुक्त झाला. आमच्या पिढीने थिएटरात मुख्य चित्रपटाआधी ते वार्तापट पाहिलेत. धरण, कारखाना, पाहुण्या पंतप्रधानांचं स्वागत आणि वरून तो खणखणीत आवाज. आम्ही त्यातून देश पाहिला, हे ऋण मान्य केलं पाहिजे. पण पडद्यावरचा शेतकरी कधी बोलायचा नाही, त्याच्या वतीने निवेदक बोलायचा. शब्दप्रमाणात आप्त, म्हणजे विश्वासू सांगणारा, कोण हे महत्त्वाचं. इथे सरकारने स्वतःलाच आप्त ठरवलं होतं.

तो आवाज त्याच संस्थेतल्या लोकांनी बाजूला केला, हेही सांगायला हवं. १९६७ साली एस. एन. एस. शास्त्री यांनी 'आय अॅम ट्वेंटी' केला. १५ ऑगस्ट १९४७ ला जन्मलेल्या मुलामुलींना गाठलं आणि त्यांनाच बोलू दिलं. त्यात आशा आहे, तशी शंका आणि नाराजीही आहे. देशाची गोष्ट आता खालून सांगितली जात होती.

वाट पाहण्याचं मोठं उदाहरण आनंद पटवर्धनांचं. १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. त्यानंतर काही दिवसांतच घोगरेंनी आपलं जीवन संपवलं. पटवर्धनांनी तेव्हापासून चित्रीकरण सुरू केलं आणि 'जय भीम कॉम्रेड' पूर्ण झाला २०११ साली. चौदा वर्षं! गोळीबाराची बातमी दोन दिवसांची असते. खटल्याचं काय झालं, वस्तीतली माणसं कशी जगली, गाणी पुढे कुणी नेली, हे कळायला वर्षं जावी लागतात.

आता आपल्या अंगणात येऊ. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना बातम्यांत होतं. कॅमेरे आले, भेगाळलेली जमीन, रिकामे हंडे, टँकरभोवतीची झुंबड टिपून गेले. त्यात खोटं काहीच नव्हतं. पण मोसंबीचं झाड फळाला यायला चार-पाच वर्षं लागतात. स्वतः वाढवलेल्या बागेवर कुऱ्हाड चालवणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख त्या चार-पाच वर्षांत आहे, ते अर्ध्या मिनिटात कसं दिसणार? शहराला पाणी देणाऱ्या घाणेवाडी तलावातला गाळ लोकांनी एकत्र येऊन काढला, तेही त्याच गोष्टीचं पुढचं पान. आमच्या पिढीने १९७२ ही पाहिलं. सुकडी खाल्ली, मिलो ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, खडी फोडणाऱ्या बाया पाहिल्या. म्हातारी माणसं अजून सांगतात, "तेव्हा धान्य नव्हतं, पण विहिरीला पाणी होतं. आता धान्य आहे, पाणी नाही." या दोन वाक्यांत चाळीस वर्षांचा माहितीपट आहे. तो भेगाळलेल्या जमिनीच्या चित्रात मावत नाही. आणि ते चित्र पुन्हा पुन्हा दाखवलं की हा जिल्हा म्हणजे तेवढंच, असं बाहेरच्यांना वाटतं. हळूहळू आपल्या मुलांनाही तसंच वाटू लागतं. आम्हाला भीती याची आहे.

आज प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. सावेदादांना तो विलायतेहून मागवावा लागला होता. तेव्हा इथल्या तरुण मित्रांना एकच विनंती: एक विहीर निवडा, एक बाग निवडा किंवा घरातली आजी निवडा. वर्षभर तिच्याकडे जात राहा, तिला बोलू द्या, मध्येच तोडू नका. पाऊस पडल्यावरही जा. मग काय ठेवायचं आणि काय गाळायचं ते ठरवा, आणि जे गाळलं त्याचं उत्तर त्या आजीसमोर बसून देता येईल का, हे स्वतःला विचारा.