जुनी फोर्ड आणि जुनी शेव्हरोलेट

नव्या यंत्रानें जुन्या यंत्रावर मात केल्याचे दाखले इतिहासांत पुष्कळ सांपडतात; परंतु नव्या मालाला जुन्या, वापरलेल्या मालानेंच बाजारांतून मागें रेटावें, हा प्रकार विरळा. अमेरिकेंतील फोर्ड कंपनीच्या ‘मॉडेल टी’ मोटारीच्या नशिबीं तो आला.

ही मोटार १९०८ सालीं ८५० डॉलर किंमतीस निघाली. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या पट्ट्यावर जोडणी सुरू झाली. किंमत उतरत गेली आणि १९२५ सालीं दोन माणसांची साधी उघडी मोटार अवघ्या २६० डॉलरांस मिळूं लागली. घोडागाडीपलीकडे ज्यांची मजल नव्हती अशा शेतकऱ्यांच्या दारांत मोटार उभी राहिली.

जनरल मोटर्सची शेव्हरोलेट हिच्याहून बरीच महाग होती. परंतु हप्तेबंदीनें खरेदी करण्याची चाल पडली, आणि जुनी मोटार विक्रेत्यास देऊन नवी घेण्याचा प्रघात रूढ झाला. विक्रेत्यांच्या आवारांत वापरलेल्या मोटारींची गर्दी झाली. आतां बेताच्या मिळकतीचा माणूस विचार करूं लागला: पैसे तेवढेच, मग नवी फोर्ड घ्यावी, कीं जुनी शेव्हरोलेट?

दोन्हींची इंजिनें आकारानें जवळजवळ सारखींच. फोर्डचें १७७ घनइंची, शेव्हरोलेटचें १७१. परंतु शेव्हरोलेटच्या झडपा सिलिंडरांच्या माथ्यावर असल्यामुळें तिला २६ अश्वशक्ति लाभे, तर फोर्डला २०. फोर्डला पुढें जाण्याचे दोनच गिअर, शेव्हरोलेटला तीन. चढावर हा मधला गिअर मोलाचा ठरे. फोर्डची पेट्रोलची टाकी बैठकीखालीं असे आणि पेट्रोल केवळ उतारानें इंजिनाकडे जाई. टाकी अर्धीमुर्धी रिकामी असली म्हणजे उभ्या चढावर इंजिन उपाशी राही, आणि चालकास गाडी वळवून उलट्या गिअरनें टेकडी चढावी लागे!

हांकण्याची तऱ्हाही भिन्न. फोर्डच्या पायापाशीं तीन पट्ट्या: डावी पूर्ण दाबली कीं गाडी सावकाश चाले, सोडली कीं वेगानें, मधली मागें जाण्याची, उजवी ब्रेकची. वेग वाढविण्याचा दांडा मात्र हाताशीं, सुकाणूच्या चाकाखालीं. ही रीत अंगवळणीं पडली म्हणजे सोपी, पण इतर मोटारींत तिचा कांहीं उपयोग नसे. शेव्हरोलेटमध्यें क्लच आणि गिअर यांचा मेळ साधावा लागे. नवशिक्याच्या हातीं गिअर करकरत. परंतु तें एकदां साधलें कीं माणूस बहुतेक कोणतीही मोटार चालवूं शके.

फोर्डची बाजूही लंगडी नव्हती. खांचखळग्यांच्या रस्त्यांवर तिची उंची आणि लवचिक स्प्रिंगा यांस तोड नव्हती. सुटे भाग गांवोगांव मिळत. मात्र रस्ते सुधारूं लागले तसतसें या गुणांचें मोल घटलें. शिवाय ज्याला केवळ स्वस्ताई हवी, त्याला जुनी फोर्ड नव्याहून स्वस्त पडे. म्हणजे नव्या फोर्डवर दोन्हीकडून मार: एकीकडे जुनी शेव्हरोलेट, दुसरीकडे तिचीच जुनी भावंडें.

दीड कोटि मोटारी काढून मे १९२७ मध्यें ‘मॉडेल टी’ बंद झाली. नवी ‘मॉडेल ए’ डिसेंबरांत लोकांपुढें येईपर्यंत हजारों कामगार घरीं बसले. तीनच गिअर, नेहमींचा क्लच आणि चारी चाकांस ब्रेक अशी तिची रचना होती. प्रतिस्पर्ध्याचा धडा तींत उतरला होता. पुढच्याच वर्षीं, १९२८ सालीं, जनरल मोटर्सनें मुंबईस शिवडी येथें मोटारींची जोडणी सुरू केली.

हेन्री फोर्डनें टिकाऊ वस्तु स्वस्त केली, हें त्याचें थोर कार्य. परंतु टिकाऊ वस्तु मालक बदलूनही जगते, आणि एके दिवशीं स्वतःच्या निर्मात्याचीच गिऱ्हाइकें पळविते. स्वस्ताईचा मक्ता कोणत्याही कारखान्यास कायमचा लाभत नाहीं, तो यामुळेंच.